बंदुकीच्या दारूची खोली व घरांतील कापूस

शेतकऱ्याच्या घरांत बहुतेक प्रत्येक वस्तूला आपली अशी ठरलेली जागा असते. ज्वारी कणगींत, बियाणें कोरड्या खोलींत, कडबा गंजीला, अवजारें ओसरीवर आणि हिशेबाच्या वह्या फडताळांत, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे व तिच्यांत सहसा चूक होत नाहीं. परंतु पिकाच्या राखणीसाठीं ज्या घरीं परवान्याची ठासणीची बंदूक असते, त्या घरीं तिच्या सामानाला मात्र अशी ठरलेली जागा पुष्कळदां नसते. दारूचा डबा एका देवळींत, टोप्यांची डबी दुसऱ्या देवळींत, छऱ्यांची पिशवी खुंटीला आणि बंदूक तुळईखालीं टांगलेली, असा प्रकार सहज दिसून येतो. बंदूक क्वचित् वापरावयाची वस्तु असल्यामुळें तिच्या सामानाकडे वर्षांतील पुष्कळ दिवस कोणाचें लक्षही जात नाहीं. हें दुर्लक्ष किती महाग पडूं शकतें व तें थोडक्या खर्चांत कसें टाळतां येतें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आष्टी व परतूरच्या बाजूस काळ्या जमिनींत कापूस, तूर, सोयाबीन व रब्बीची ज्वारी हीं पिकें होतात. रानडुकरें, रोही व हरणें यांचा उपद्रव कोणास सांगावयास नको. तूर शेंगांनीं भरते व ज्वारी हुरड्यास येते, तेव्हां रात्रीची राखण सर्वांत कठीण होते. आणि नेमके तेच दिवस कापूस घरीं येण्याचे असतात. भाव चढेल या आशेनें वेचणीचा कापूस माजघरांत, ओसरीवर, कधीं कधीं आढ्यापर्यंत रचून ठेविला जातो. म्हणजे ज्या महिन्यांत बंदूक व तिची दारू वारंवार बाहेर निघते, त्याच महिन्यांत घर कापसानें भरलेलें असतें. आमच्या भागांतील खरा धोका या जुळणीमध्यें आहे. दारू एकटी असली तर तिचा बंदोबस्त करतां येतो. कापूस एकटा पेटला तर घरांतील माणसें बाहेर पडूं शकतात. दोन्ही एका छताखालीं आलीं म्हणजे कापसाची आग दारूस वेळ देत नाहीं आणि दारू माणसांस वेळ देत नाहीं.

कायदा काय म्हणतो

खोलीच्या मांडणीपूर्वीं कायद्याचें सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत बंदूक व दारूगोळा यांस १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. या अधिनियमाच्या तेराव्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. परवाना बंदुकीचा असला तरी दारू, टोप्या व काडतुसें किती बाळगावयाचीं, हेंही परवान्याप्रमाणेंच ठरतें. त्या मर्यादेबाहेर एक डबाही घरांत नसावा. दारू स्वतः तयार करणें हा बिनपरवान्याचा गुन्हा तर आहेच, पण तो जिवावरचा खेळही आहे. त्याविषयीं या लेखांत एक शब्दही यावयाचा नाहीं. वापरलेलीं काडतुसें घरीं पुन्हां भरण्याचा प्रघात अमेरिकेंतील शिकारी व नेमबाज लोकांत मोठा आहे. आपल्याकडे मात्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी संमति असल्यावांचून त्यास हात घालूं नये.

दुसरी गोष्ट अशी कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणें रानडुक्कर किंवा रोही मारण्यास वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. बहुतेक राखणदारांचें काम नुसत्या आवाजानेंच भागतें. आवाजापुरतें काम असेल तर दारूचा सांठाही तितकाच थोडा लागतो, हें ध्यानांत ठेवणें हिताचें आहे. कारण सांठ्याची सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे सांठाच थोडा ठेवणें.

या जिनसा कशा आहेत

बंदुकीच्या सामानांत मुख्यतः तीन जिनसा येतात आणि तिहींचा स्वभाव निरनिराळा आहे. स्वभाव कळला म्हणजे जागा कोणती द्यावी तें आपोआप कळतें.

पहिली काळी दारू. ही सोरा, गंधक व कोळसा यांची बनलेली असते. लांकूड जळावयास बाहेरची हवा लागते. काळ्या दारूस ती लागत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु सोऱ्याच्या रूपानें तिच्या पोटांतच असतो. म्हणून पेटलेल्या दारूवर माती किंवा गोणपाट टाकून ती विझत नाहीं. ठिणगीस ती अत्यंत हळवी आहे. लोखंडावर लोखंड घासून उडालेली बारीक ठिणगीही तिला पुरे होते. ओल लागली कीं तिचे खडे बनतात व ती नीट पेटत नाहीं. परंतु ओली दारू निर्धोक झाली असें समजून ती चुलीजवळ वाळत घालणें हा तर मरणाचाच मार्ग होय.

काडतुसांत असते ती बिनधुराची दारू. हिचें मूळ आपल्या शेतांतच आहे हें पुष्कळांस नवल वाटेल. १८४६ च्या सुमारास शोनबाइन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला आणि १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएय यानें त्यापासून बंदुकीस योग्य अशी बिनधुराची दारू बनविली. ही दारू ओलीपेक्षां उन्हाळ्यास अधिक भिते. उष्णतेनें ती हळूहळू कुजते. आंबूस वास येऊं लागला, तांबूस वाफ दिसली किंवा दाण्यांवर तांबूस भुकटी जमली, तर ती बिघडली असें निश्चित समजावें.

दुसरी जिन्नस म्हणजे टोप्या. वजनानें या क्षुल्लक असतात, पण आघातानें पेटण्यासाठींच त्या केलेल्या आहेत. एक टोपी फुटली तर बोट भाजेल. मूठभर टोप्या एका कांचेच्या बरणींत भरून ती खालीं पडली, तर एकीबरोबर सर्व फुटतात व कांचेचे तुकडे गोळीसारखे जातात. कारखान्यांतून येणाऱ्या पाकिटांत टोप्या एकमेकींपासून दूर बसविलेल्या असतात, त्याचें कारण हेंच. तें पाकीट फाडून टोप्या डबींत ओतणें म्हणजे कारखान्यानें घेतलेली काळजी फुकट घालविणें होय.

तिसरी जिन्नस छरे. यांना आगीची भीति नाहीं, पण शिसें हें विष आहे. त्याची धूळ हातावाटे तोंडांत जाते व लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस अपाय करते. सांडलेले छरे झाडून अंगणांत टाकले तर कोंबड्या ते खडे समजून टिपतात व मरतात. छरे मोजण्यास धान्याचें मापटें वापरण्याची संवय ज्या घरीं असेल, तिनें आजच निरोप घ्यावा.

मोठ्या कोठारांचा धडा

लहान खोलीची मांडणी शिकावयाची ती मोठ्या कोठारांपासून. पुण्याजवळील सिंहगडावर पुणें दरवाजानें आंत गेल्यावर दगडी दारूकोठार आजही पाहावयास मिळतें. सन १७५१ च्या सप्टेंबरांत त्यावर वीज पडली व गडावरील फडणिसाचें घर उद्ध्वस्त होऊन त्यांतील माणसें दगावलीं. कोठार दगडाचें होतें, पण वस्ती त्याच्या माऱ्यांत होती. दारूच्या भिंती कितीही जाड असल्या, तरी अंतराची उणीव भिंतीनें भरून निघत नाहीं, हा त्यांतील बोध आहे.

दुसरें उदाहरण मुंबईचें व तें कापूस पिकविणाऱ्यांनीं कधींही विसरूं नये असें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाची बोट उभी होती. तिच्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता. आणि कराचीस तिच्यांत सुमारे ८७०० गांठी कापूस भरण्यांत आला होता. तेल व लांकूडही होतें. दारूगोळा व कापूस एकाच बोटींत, इतकेंच नव्हे तर एकमेकांच्या वर-खालीं रचलेले होते. दुपारीं कापसांत आग लागली. कापसाच्या गांठीची आग वरून विझल्यासारखी दिसते व आंत धुमसत राहते, हें आपणांस ठाऊक आहेच. बंबवाले पाणी मारीत असतांच चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला व अर्ध्या तासाच्या आंत दुसरा स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं, गोदी व आसपासची वस्ती जळून गेली. अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनीं त्या दिवशीं प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आतां याच्या उलट उदाहरण पाहा. वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथें लष्कराचें मोठें दारूगोळा कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीं तेथें भयंकर आग लागली व लष्कराचे अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे लोक मिळून पंधराहून अधिक माणसें मरण पावलीं. हानि मोठीच झाली. तरी आग एका गुदामापुरतीच राहिली, शेजारच्या गुदामांस पोंचली नाहीं. अशा कोठारांत गुदामें एकमेकांपासून अंतर सोडून बांधतात व मध्यें मातीचे बांध घालतात. मुंबईच्या बोटींत जें अंतर नव्हतें तें पुलगांवीं होतें. सारांश, अपघात कधींही न होणें हें माणसाच्या हातीं पूर्णपणें नाहीं; पण एका जिनसेची आग दुसरीस न लागूं देणें हें त्याच्या हातीं आहे. घरांतील खोलीची सर्व मांडणी या एका सूत्रावर करावी.

जागा कोणती निवडावी

आपल्याकडील जुन्या माळवदी घरांत एक मोठा गुण आहे. मातीच्या जाड भिंती व वर मातीचा थर यांमुळें वैशाखांतही आंतील खोली थंड राहते. पत्र्याच्या शेडांत मात्र उन्हाळ्याच्या दुपारीं हात ठेववत नाहीं इतका पत्रा तापतो. म्हणून दारू व काडतुसें पत्र्याखालीं कधींही ठेवूं नयेत. घराच्या एका टोंकाची, स्वयंपाकघरापासून दूरची, जिच्या एका भिंतीपलीकडे कोणी निजत नाहीं अशी लहान खोली निवडावी. ती जिन्याखालीं किंवा घरांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावी; कारण आग लागल्यास माणसांस त्याच वाटेनें पळावें लागतें. दार बाहेरच्या बाजूस उघडणारें असावें. पावसाळ्यांत माळवद गळत असेल तर त्या खोलीची डागडुजी मृगापूर्वीं सर्वांआधीं करावी.

खोली स्वतंत्र मिळत नसेल तर निदान एक भिंतींतलें कपाट स्वतंत्र मिळावें. परंतु ज्या खोलींत कापूस भरावयाचा असतो, तिच्यांत व तिला लागून असलेल्या खोलींत हें कपाट नको. जागेची इतकी अडचण असेल कीं कापूस त्याच खोलींत रचणें भाग आहे, तर त्या हंगामापुरता दारूचा सांठा परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्याच्या सल्ल्यानें दुसरीकडे हलविण्याची व्यवस्था आधीं करावी व मगच पहिली गांठोडी आंत आणावी.

मांडणी

दारूसाठीं लांकडी पेटी सर्वांत उत्तम. पुष्कळांचा समज असा कीं जाड लोखंडी तिजोरी अधिक सुरक्षित. चोराच्या दृष्टीनें तें खरें असेल. बंदूक व काडतुसें कुलुपाच्या लोखंडी कपाटांतच असावीं. पण सुटी दारू घट्ट बंद अशा मजबूत भांड्यांत पेटली तर वायूस बाहेर पडावयास वाट मिळत नाहीं व तें भांडेंच बाँब बनतें. अमेरिकेंत घरगुती सांठा कांहीं मर्यादेपलीकडे गेल्यास तो किमान एक इंच जाड फळ्यांच्या लांकडी पेटींत ठेवण्याचा नियम आहे. लांकूड बाहेरची उष्णता आंत लवकर जाऊं देत नाहीं, आणि आंतून दाब आला तर फळ्या उचकटून वायूस वाट मोकळी होते. पेटीचे खिळे आंतून डोकावणारे नसावेत. कडी-कोयंडा पितळेचा असल्यास बरें.

दारू कारखान्याच्या मूळ डब्यांतच राहूं द्यावी. चहाचा, तेलाचा किंवा औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी वापरूं नये. मूळ डब्यावर जात, नांव व तारीख असते. ती गेली म्हणजे कोणती दारू कोणती हें सांगावयास कोणी उरत नाहीं. काळी दारू व बिनधुराची दारू यांची अदलाबदल झाली तर ठासणीच्या बंदुकीची नळी फुटून वापरणाऱ्याचा हात जातो. डब्यावर विकत घेतल्याचा व उघडल्याचा दिवस जाड अक्षरांत लिहावा.

खोलीच्या एका भिंतीस दारूची पेटी, तिच्या समोरच्या भिंतीस टोप्यांचें लहान कपाट आणि तिसऱ्या भिंतीस छरे, बोळे, गज व पुसण्याचें सामान, अशी विभागणी करावी. पेटी जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा लांकडी पाटावर ठेवावी, म्हणजे ओल चढत नाहीं. छरे जड असल्यामुळें ते नेहमीं सर्वांत खालच्या फळीवर. टोप्यांवर कोणतीही जड वस्तु पडेल अशी फळी त्यांच्या वर नसावी. टोप्या व दारू यांच्या किल्ल्या वेगळ्या असाव्या. बंदूक नेहमीं रिकामी करूनच आणावी व ती या सामानापासून वेगळ्या जागीं कुलुपांत ठेवावी. मुलांनीं एक किल्ली शोधून काढली तरी त्यांच्या हातीं एकच जिन्नस लागावी, तीन एकदम लागूं नयेत, हा या विभागणीचा हेतु आहे.

कामाची फळी

मापें भरणें, सामान पुसणें व, लेखी संमति असल्यास, काडतुसें भरणें यांसाठीं एक मजबूत फळी लागते. ती रंधा मारलेल्या लांकडाची, न हालणारी व कडेला बोटभर उंच पट्टी ठोकलेली असावी, म्हणजे छरा किंवा टोपी घरंगळून खालीं पडत नाहीं. तिच्यावर प्लॅस्टिकचें किंवा रेक्झिनचें आवरण घालूं नये. कोरड्या हवेंत त्यावर घासण्यानें वीज उत्पन्न होते व तिची ठिणगी काळ्या दारूस पुरते. प्रत्येक वेळीं कोरा तपकिरी कागद पसरावा व काम संपल्यावर काढून टाकावा. नरसाळें व माप पितळेचें किंवा तांब्याचें असावें. फळीखालीं खण करूं नयेत. त्यांच्या फटींत सांडलेली दारू वर्षानुवर्षें सांचते.

फळीवरील नियम थोडे पण कडक असावेत. पहिला, एका वेळीं एकाच जातीच्या दारूचा एकच डबा फळीवर असावा आणि बाकीचे पेटींत बंद असावेत. दुसरा, काम डावीकडून उजवीकडे चालावें. रिकामें तें डाव्या बाजूस तोंड खालीं करून, भरलेलें तें उजव्या बाजूस तोंड वर करून ठेवावें. मग एकांत दोनदां दारू पडण्याचा संभव राहत नाहीं. तरीही शेवटीं सर्व एका रांगेत उभीं करून विजेरीच्या उजेडांत आंतील उंची सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. तिसरा, मध्येंच कोणी हांक मारली तर माप रिकामें करून दारू तिच्याच डब्यांत परत घालावी व डबा बंद करूनच उठावें. मापांत रात्रभर राहिलेली दारू दुसऱ्या दिवशीं कोणत्या डब्यांतील होती हें आठवत नाहीं. चौथा, थकल्या अंगानें व रात्रीं हें काम करूं नये. पांचवा, फळीवर खाणें, पान-तंबाखू व पाणी पिणेंही नको. काम झाल्यावर साबणानें हात धुवावेत. विडी, उदबत्ती, कंदील व आगपेटी यांनीं त्या खोलीचा उंबरठा ओलांडूं नये.

सांडलेली दारू झाडूनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी व तें फडकें भरपूर पाण्यांत धुवावें. शेतांत असतांना दारूचें शिंग किंवा डबा थेट नळीच्या तोंडाला लावून दारू ओतूं नये. मागच्या बाराची धुमसती चिंधी नळींत राहिलेली असली तर आग शिंगांतील सर्व दारूस लागते. एका बारापुरती दारू वेगळ्या लहान मापांत काढून तीच ओतावी. खोलींतील सूत्र शेतांतही तेंच आहे: सांठा एकीकडे, वापर दुसरीकडे.

खोलींत काय नसावें

शेतकऱ्याच्या घरांत आणखी एक संकट नकळत शिरलें आहे, तें म्हणजे नवीं खतें व औषधें. ठिबकांतून देण्याचें १३:०:४५ हें खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अर्थात् सोराच होय. भुरीवर मारावयाची गंधकाची भुकटीही पुष्कळ घरीं असते. हीं दोन पोतीं एका कोपऱ्यांत, शेजारीं राकेल व डिझेल, आणि वरच्या फळीवर बंदुकीची दारू, अशी रचना असली तर आगीस दुसऱ्या कशाची वाट पाहावी लागत नाहीं. ४ ऑगस्ट २०२० रोजीं लेबनॉनमधील बैरूत बंदरांत २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. तो माल वर्षानुवर्षें एका गुदामांत पडून होता व त्याच गुदामांत शोभेची दारूही ठेविलेली होती. आपला सांठा पोत्याचा असो कीं जहाजाचा, चूक एकाच जातीची असते.

म्हणून खतें, गंधक, कीटकनाशकें, राकेल, रंग व फवाऱ्याचें सामान यांस वेगळी खोली द्यावी. इन्व्हर्टरची बॅटरीही दारूच्या खोलींत ठेवूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो व तारेच्या सांध्यावर ठिणगी उडते. विजेचें बटण खोलीच्या बाहेर असावें व आंत एकच बंदिस्त दिवा असावा. मोबाईल भरण्यास लावण्याची जागाही ही नव्हे.

नोंद व तपासणी

एक लहान वही खोलीच्या दाराशीं ठेवावी. कोणत्या दिवशीं किती आणलें, किती वापरलें व किती शिल्लक आहे, या तीन रकान्यांपलीकडे तिच्यांत कांहीं नको. ही वही परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीं उपयोगी पडतेच. पण तिचा खरा उपयोग असा कीं एखादा डबा नाहींसा झाला तर तो त्याच आठवड्यांत कळतो. दर अमावास्येस किंवा महिन्याच्या ठरलेल्या दिवशीं डबे उघडून वास पाहावा, पेटीखालील ओल पाहावी, टोप्यांचीं पाकिटें मोजावीं व कुलुपें तपासावीं. बिघडलेली दारू चुलींत, उकिरड्यावर किंवा विहिरींत टाकूं नये, स्वतः जाळूंही नये. परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणें यांस कळवून तिची विल्हेवाट लावावी.

आणि सर्व काळजी घेऊनही त्या खोलीस आग लागली तर काय करावें, हें घरांतील सर्वांनीं आधींच ठरवून ठेवावें. खोलीच्या बाहेर पाण्याचा रांजण व वाळू असावी, ती शेजारची गवताची किंवा कागदाची आग विझविण्यासाठीं. आग पेटीपर्यंत पोंचली असेल तर विझविण्याच्या भरीस पडूं नये. आधीं मुलें व म्हातारीं माणसें, मग दावणीचीं गुरें सोडावीं, शेजाऱ्यांस सावध करावें व दूर जावें. विझविण्यास येणाऱ्यांस आंत दारू आहे हें प्रथम सांगावें, आणि कोणत्या भिंतीशीं आहे तेंही सांगावें. कापूस पुन्हां पिकेल, घर पुन्हां बांधतां येईल.

या सर्व व्यवस्थेस एक लांकडी पेटी, दोन कुलुपें, एक रंधलेली फळी, पितळेचें नरसाळें व एक साधी वही, यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. खर्च थोडा आहे. लागते ती संवय. दसऱ्यास आपण शस्त्रांची व अवजारांची पूजा करतों. यंदां पूजेच्या आदल्या दिवशीं बंदुकीच्या सामानाच्या प्रत्येक जिनसेस वेगळी जागा नेमून द्यावी आणि त्यानंतरच कापसाची पहिली वेचणी घरांत घ्यावी, अशी आमच्या शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.